फ्रीज आणि खिडकीच्या मधली जागा

आमची काकू वाचायची ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून. फ्रीज आणि खिडकी यांच्या मधे एक फट होती, तिथे ते स्टूल. कॉलेजसाठी मी काका-काकूंकडे राहायला आले, तर पहिल्याच दिवशी मला वाटलं स्वयंपाकघरात कुणीच नाहीये, आणि फ्रीजमागून आवाज आला, "गॅस बारीक कर गं, मी मधेच उठले तर चुकेल."

चुकेल म्हणजे गोष्ट चुकेल. भाजी नाही!

कुकर लावला की काकूचं पुस्तक उघडायचं. भाजी परतायला उठली तरी बोट पानातच, म्हणजे एका हातात झारा आणि दुसऱ्या हातात कादंबरी. लायब्ररीतला माणूस म्हणायचा की काकूंनी परत केलेलं पुस्तक मी वासावरून ओळखतो. कांदा, लसूण, थोडं करपलेलं दूध. आणि तिला त्रास द्यायला कुणी आत जायचं नाही, कारण कुणी डोकावलं की ती मान वर न करता टोपली पुढे सरकवायची. "आलास? मटार सोल." काकूचा मुलगा, दादा, तर पाणी प्यायलासुद्धा बाथरूमच्या नळावर जायचा.

रात्री जेवताना मात्र वसुली. दिवसभरात वाचलेलं सगळं ती आम्हाला वाढता वाढता सांगायची. काकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, पेपरातल्या मथळ्यांपलीकडे त्यांनी आयुष्यात काही वाचलेलं नाही. पण काकूची गोष्ट त्यांना हवीच! तेव्हा घाटातल्या एका खानावळीची कादंबरी चालू होती. दोन जावा खानावळ चालवतात, आणि एक पाहुणा एका रात्रीसाठी येतो तो जातच नाही.

"भामटा आहे तो," काका म्हणायचे.

"अहो, विधुर आहे बिचारा."

"विधुर भामटा नसतो का?"

असं सगळं छान चाललेलं आणि दादाला नोकरी लागली. एकुलता एक, आईवर जीव. पहिलं काम काय, तर आईला नवीन स्वयंपाकघर. सुतार आला, ओटा बदलला, फ्रीज हलून परत जागेवर आला, आणि फ्रीज-खिडकीच्या मधल्या त्या फटीत जमिनीपासून छतापर्यंत एक उंच कपाट बसलं. अगदी फिट्ट! स्टूल गेलं माळ्यावर. पण दादाने आईच्या वाचनाचाही विचार केला होता हं. बाहेरच्या खोलीत आरामखुर्ची, शेजारी उभा दिवा, पाय ठेवायला गुबगुबीत बैठक. "आई, आता ऐटीत वाच." काकूच्या डोळ्यांत पाणी, आणि मी तर ढसाढसा. माझं काय, मी जाहिरात बघूनही रडते.

मग काकू खुर्चीत बसली. पुस्तक उघडलं.

"बसलीच आहेस तर माझा चष्मा कुठंय बघ गं जरा," काका.

"आई, बसलीच आहेस तर हे बटण."

शेजारच्या आजी दारातून, "बऱ्या सापडलात निवांत!"

आणि खरं सांगू का, मीपण. मी तर तिच्या पायापाशी बसून माझ्या मैत्रिणीने माझ्याशी कसा दगाफटका केला ते सगळं ऐकवलं.

रोज हेच. जेवताना काका विचारायचे, "मग? पाहुण्याचं काय?"

"नाही झालं वाचून."

दुसऱ्या दिवशी, "आज?"

"अजून जिन्यातच उभाय तो."

मग काकांनी विचारायचंच सोडलं. जेवताना फक्त ताटांचा आवाज. मला ते सहन होईना, आणि एका जेवणात माझा तोल गेला. "तुम्ही तिला वाचू देता का? बाई जरा बसलेली दिसली की लगेच काम! तिला स्वतःचा वेळ म्हणून काही आहे की नाही?"

"तू गप गं," काकू म्हणाली.

पण दादाला ते लागलं. त्याने नियम काढला, आई खुर्चीत असताना कुणी बोलायचं नाही. झालं! काका चवड्यांवर चालायला लागले, चष्मा हवा असला की हवेत दोन गोल काढून दाखवायचे. मी दाराची कडी हळूच लावायचे. काकूने थोडा वेळ पाहिलं आणि पुस्तक मिटलं. "घरात कुणी शेवटच्या घटका मोजतंय असं वाटतंय मला."

मी तिच्या मागोमाग आत गेले. "काकू, तू इतकी वर्षं स्वयंपाकघरात लपून वाचायचीस ना? हे किती वाईट आहे कळतंय का तुला?"

ती कांदा चिरत होती. थांबलीच. "लपून? मी कशाला लपू? मला तिथे आवडायचं, बाई. इकडे काहीतरी शिजतंय, तिकडे गोष्ट पुढे सरकतेय, आणि दोन्हीकडे माझं लक्ष. काही करपत नव्हतं असं नाही, करपायचं. पण मजा यायची. त्या खुर्चीत नुसतं बसायचं म्हणजे डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखं."

माझं सगळं भाषण वायाच गेलं.

"मग दादाला सांग ना."

"इतक्या हौसेनं केलंय त्याने. कसं सांगू?"

पण मग काकाच बोलले. जेवताना, ताटाकडे बघत. "मी आज दुपारी तुझं पुस्तक उघडून बघितलं. एक पान संपता संपेना. तुझ्या तोंडून बरं असतं ते."

काकूने वाढायचा डाव खाली ठेवला. "मला माझं स्टूल हवंय. जुन्या जागी."

"तिथे कपाट आहे, आई."

"माहितीये. काढ ते."

दादाचा चेहरा इतकासा झाला. "आणि खुर्ची?"

"तू बस. दमून येतोस."

"मग आधी का नाही बोललीस? सगळं तुझ्यासाठी केलं मी!"

"अरे, तू ओट्याचं माप घेतलंस, फ्रीजचं घेतलंस, भिंतीचं घेतलंस. मी कुठे बसते ते विचारलंस का?"

दादा ताट अर्धवट सोडून उठला. दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं. काकू रोज त्याच्या आवडीची भाजी करायची आणि पुस्तकाला हात लावायची नाही. मला वाटलं, संपलं, आता ही कधीच वाचणार नाही.

रविवारी सुतार आला. दादानेच बोलावला होता, कुणाला न सांगता. कपाटाची खालची दारं काढली, आतल्या फळ्या काढल्या. वरचे कप्पे तसेच राहणार होते, खाली पोकळी. दादा माळ्यावरून स्टूल घेऊन आला, पोकळीत ठेवलं आणि आईकडे न बघता म्हणाला, "बस. माप घ्यायचंय. डोकं वर आपटायला नको."

काकू बसली. सुताराने डोक्यावर किती जागा ते मोजलं, कोपरं, गुडघे मोजले. "मावशी, नेहमी बसता तशा बसा, ताठ नको."

"नेहमीसारखी म्हणजे मग पुस्तक लागेल," काकू म्हणाली. मी धावत जाऊन आणून दिलं.

तिने उघडलं, पाठ भिंतीला टेकवली, एक पाय वर घेतला. सुताराने पुन्हा टेप लावला, पेन्सिलीने फळीवर खुणा केल्या. "झालं. उठा मावशी."

काकूने पान उलटलं.

"मावशी?"

दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बोटाने दार दाखवलं, आणि दोघं फळ्या उचलून कापायला बाहेर अंगणात गेले.