आईच्या गाडीचा चार्जर

आमच्या बीडकडं बॅटरीची परीक्षा घ्यायची एकच रीत. बल्ब लावायचा आणि बघत बसायचं. बल्ब पिवळा पडला, मग लालसर झाला, की समजायचं बॅटरी उतरली. लोडशेडिंगनं एवढं तरी शिकवलंच आम्हाला. लेकरांचे अभ्यास, आलेल्या पाहुण्यांची जेवणं, सगळं त्या पिवळ्या होत जाणाऱ्या बल्बच्या हिशेबानं उरकलेलं. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. त्यांचा तर या परीक्षेवर भलता विश्वास.

आई आमच्याकडंच राहायची. तिची फुफ्फुसं थकली होती आणि नाकात नळी लावून ऑक्सिजनचं मशीन अखंड चालू ठेवावं लागायचं. मशीन थांबलं की तिचे ओठ निळे पडायचे. अशात तिनं एकच धोशा लावला, नागपूरला दीक्षाभूमीवर न्या. छप्पन साली ती वडिलांच्या खांद्यावर बसून तिथं गेली होती. पांढऱ्या कपड्यांतली माणसंच माणसं, एवढंच तिला आठवायचं.

"मशीनसकट न्या न्हाईतर मशीन काढून न्या. पण न्या," म्हणायची.

यांनी शाळेची एक जुनी बस घेतली. बाकडी काढून पलंग केला, गॅस बसवला, पाण्याची टाकी बसवली. मशीनसाठी बीडहून लिथियमची बॅटरी आणली आणि ती आईच्या पलंगाखालीच ठेवली. दुकानदार म्हणला, "काका, चार्जर बी लिथियमचाच घ्या. ही बॅटरी जाताना सांगत न्हाई."

हे हसले. "आमच्या घरी हाय की चार्जर. वीस वर्षं झाली, काय झालं न्हाई त्याला."

घरी येऊन तो जुना, पाण्याच्या बॅटरीचा चार्जर जोडला. पाण्याची बॅटरी चार्ज होताना आत बुडबुडे येतात, आंबूस वास सुटतो, घरात कुणीतरी आहे असं वाटतं. ही मात्र गप. हात लावला तर गार. आणि थोड्याच वेळात चार्जरचा हिरवा दिवा लागला.

"लई लवकर भरली," मी म्हणलं.

"नवी हाय ती. भूक कमी." मग यांनी त्याच बॅटरीवर गाडीतला बल्ब लावला आणि दुपारभर लावून ठेवला. बल्ब पांढराशुभ्र. "बघ. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

आई पलंगावर पडून त्या बल्बकडं टक लावून बघत होती. मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "ह्याचं मला भ्या वाटतं गं. दिवा कसा, जरा हलावा, थकावा. हा काय डोळाच मिटंना." मी तिला दटावलं. पण खरं सांगते, त्यानंतर मलाही त्या बल्बकडं बघवेना.

नागपूरच्या आधी एक चक्कर मारून बघू म्हणून तिला धारूरला नेलं. किल्ल्याखाली गाडी उभी केली. सीताफळांचे दिवस. आई खिडकीशी बसून फळ खात होती, बिया हातात गोळा करत होती. मशीन ठक-फुस्स, ठक-फुस्स चाललेलं. मी वर बघितलं, बल्ब पांढरा. हेही बघून बाहेर गेले.

आणि सगळं बंद झालं. बल्ब मंद झाला नाही, मशीन अडखळलं नाही. होतं आणि नव्हतं, एवढंच. मशीन क्षणभर शिटीसारखं ओरडलं आणि मग काहीच नाही. इतकं शांत झालं की डोंगरावरच्या मेंढ्यांच्या घंट्या ऐकू आल्या. रस्त्याकडंला एक मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून आमच्या खिडकीकडं बघत होता. मी आईकडं वळले, तर ती तोंड उघडून हवा शोधत होती आणि हातातल्या बिया एकेक करून खाली पडत होत्या.

ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर मी हट्टानं सोबत घेतला होता म्हणून निभावलं. तिच्या ओठांवर रंग आला तेव्हा मी यांच्यावर अशी तुटून पडले की तो मेंढपाळसुद्धा मेंढ्या घेऊन निघून गेला. "कुठं गेलं तुमचं कांकण? आं? आरसा दाखवू का आता?" हे मान खाली घालून उभे. मग रडायलाच लागले. मीही रडले.

चार्जर निवडायला मीच बीडला गेले. दुकानदारानं समजावून सांगितलं. जुना चार्जर शेवटी विजेचा जास्त दाब देतो. पाण्याची बॅटरी त्यानं उकळते, तिला ते चालतं. लिथियमला सोसत नाही, ती आतून दार लावून घेते. चार्जरला वाटतं, पोट भरलं. बॅटरी निम्मी उपाशी, आणि दिवा हिरवा! आणि बल्ब बघून उपयोग नाही, कारण ही शेवटपर्यंत तेवढाच उजेड देते आणि मग एकदम जाते. मी बॅटरीवरचे आकडे ताडून पाहिले, ती सोसेल तेवढाच करंट देणारा, ती भरली की थांबणारा लिथियमचा चार्जर घेतला. आत किती उरलं ते दाखवणारं मीटरही घेतलं. दहादा विचारलं. दुकानदार वैतागला, वैतागू दे.

नागपूरला गेलो. वाटेत ढाब्यांवर प्लग मागून बॅटरी भरत गेलो. मीटरवरून माझी नजर हटत नव्हती. आईनं खिडकीतून दीक्षाभूमीचा पांढरा घुमट बघितला, हात जोडले आणि म्हणाली, "तवा हितं नुसतं मैदान व्हतं. खांद्यावरून लई मोठं दिसलं व्हतं." आणि हसली. इतकी टवटवीत मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. परत येताना गाणी म्हणत होती, जावयाची थट्टा करत होती. "जावईबापू, एसटीवानी आदळू नका, आमी तिकीट काढलंय!"

केज जवळ आलं तशी म्हणाली, "च्या आण बाई. साखर घालून." ऊन होतं, तरी बल्ब तिनंच लावून ठेवायला सांगितला होता. आता तिला त्याचं भय वाटत नव्हतं. मी उतरले. टपरीवर चहा उकळत होता. गाडीतून यांच्याशी बोलण्याचा तिचा आवाज येत होता.

कप घेऊन मी वर चढले. मशीन चाललेलं, ठक-फुस्स. नळी नाकात. बल्ब पांढरा. हे पुढं बसून तिच्या कुठल्याशा बोलण्यावर अजून हसत होते. आई खिडकीकडं तोंड करून बसली होती, आणि मला तिच्या बसण्यावरूनच कळलं.

हे उठून आले. मशीनच्या बटणाकडं त्यांचा हात गेला. "नका," मी म्हणलं. "असू द्या चालू."

घरापर्यंत ते चालूच राहिलं. माणसं जमली, नळी मी माझ्या हातानं काढली, आईला खाली उतरवलं. रिकाम्या पलंगावर नळी फुसफुसत पडली होती. मीटरवर निम्म्याहून जास्त बॅटरी शिल्लक होती.