कारल्याचे निरोप

त्र्याण्णवच्या सुमारास लग्न होऊन मी धुळ्याहून सुरतला आले, तेव्हा नवागाममधल्या आमच्या दोन खोल्यांत अबोला चालू होता. मोठ्या जाऊबाईंनी सासूबाईंचं लग्नातलं लुगडं बोहारणीला देऊन स्टीलचं पातेलं घेतलं होतं. लुगडं पार विरलेलं होतं, पण ते सासूबाईंचं होतं. पुरुषमाणसं पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये पाळीला जात, त्यांना याचा पत्ताच नव्हता. निरोप पोचवायचं काम नव्या सुनेकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

पहिला निरोप मी इमानदारीत पोचवला. त्या दिवशी जाऊबाई जेवल्याच नाहीत. मग मी निरोपांत थोडा गूळ घालायला लागले. शेजारच्या कापड विणायच्या लूमच्या खडखडाटात या खोलीतलं त्या खोलीत ऐकू जात नसे.

एकदा कारल्याची भाजी झाली. बाहेरच्या खोलीत सासूबाईंनी एक घास खाऊन तोंड वाकडं केलं. "तिले सांग, कारलं कडूजहर शे."

मी आत जाऊन म्हटलं, "आत्याबाई म्हणतात, अशी भाजी कितीतरी दिवसांत खाल्ली नव्हती."

दोन दिवसांनी जाऊबाईंनी पुन्हा कारली आणली. मग आठवड्यातून तीनदा. मीठ लावून पिळायची नाहीत, 'आवडली' तशीच करायची. सासूबाई कुरकुरल्या, तेव्हा मी सांगितलं, "ताई म्हणतात, तुमच्या गुडघ्यांना चांगलं असतं." त्यांनी ताट पुसून खाल्लं.

एका दुपारी वीज गेली आणि लूम थांबले. माझ्या ते लक्षातच आलं नाही. आत जाऊन मी नेहमीसारखी सुरू झाले, "आत्याबाई म्हणतात, आज तर झकास..."

बाहेरून आवाज आला, "मी असं कव्हय म्हनं?"

जाऊबाई पळी घेऊन दारात गेल्या. "मग तीन आठवडे मी कारली कुणासाठी रांधतेय?"

"माले वाटनं, गुडघासाठे."

"कुणाचे गुडघे?"

दोघींनी वळून माझ्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी त्या एकमेकींशी बोलल्या होत्या.

जाऊबाईंनी वाटीभर भाजी माझ्यापुढे ठेवली. सासूबाई समोर बसल्या. "खाय."

तिसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाई पदराआड हसल्या, मग जाऊबाईही. संध्याकाळी भाकरी थापताना जाऊबाई हळूच म्हणाल्या, "लुगडं तुम्हाला विचारून द्यायला हवं होतं." सासूबाईंनी ते पातेलं पुढ्यात ओढून पाहिलं. मग म्हणाल्या, "पातेलं चांगलं शे."

पुढेही दोघींचं बिनसायचं. पण तेव्हा निरोप माझ्या नवऱ्याकडे जायचा. तो बिचारा शब्दन् शब्द जसाच्या तसा सांगायचा, आणि अबोला आठवडाभर लांबायचा.