मागच्या दाराचा सेन्सर

"आधी चालून दाखवा भाऊ, मंग तार टाकू."

माणूस हलला की दिवा लावणारे सेन्सर बसवायला मिस्त्री कोणाच्याही घरी गेला की पहिलं वाक्य हेच. पिशवी खाली ठेवायची, हात मागे बांधायचे आणि घरातल्या प्रत्येकाला रोजच्यासारखं चालायला लावायचं. माझ्या अमरावतीच्या घरी त्याने माझ्या बायकोलाही बैठकीतून स्वयंपाकघरात चालवलं. ती लाजून भरभर गेली, तर हा म्हणतो, "वहिनी, असं तुमी पाहुणे आल्यावर चालता. रोजचं दाखवा."

मग भिंतीवर पेन्सिलीने फुली. समोरून चालत येणारा माणूस सेन्सरला उशिरा दिसतो, आडवा जाणारा लगेच दिसतो, म्हणून फुली कुठे पडते त्यावर सगळा खेळ. कंपनीच्या पुस्तकात कोपरा लिहिला होता. मिस्त्रीने ते पुस्तक उघडलंही नाही.

मी कापडातला माणूस. सायकलच्या कॅरियरवर टॉवेलचं गाठोडं बांधून सुरुवात केली, आज नांदगाव पेठच्या कारखान्यांतून माल उचलतो. सांगितलेल्या भावात मी आजवर सुतळीही घेतलेली नाही. मिस्त्रीने पुठ्ठ्यावर यादी लिहून दिली, तेव्हा मी नेहमीप्रमाणे सुरू झालो. त्याने शांतपणे ऐकलं आणि यादीतून एक ओळ खोडली.

"हे काय खोडलं?"

"न्हाणीतला सेन्सर."

"काहून?"

"तुमी पैसे कमी केले, मी सेन्सर कमी केला. अंधारात घसरले तर मले फोन नका करजा."

माझ्याशी असं बोलणारा माणूस मला आवडला, हे कबूल करतो. ओळ परत लिहायला लावली. पुढे मी त्याला दहा घरी नेलं. प्रत्येक ठिकाणी सांगितलं, माणूस अकोल्याचा आहे, पण जबाबदारी माझी. धंद्यात मी सख्ख्या भावाची जबाबदारी घेत नाही.

त्याच्या हातात गुण होताच. एका डॉक्टरांच्या घरी रिकाम्या खोलीत दिवे लागत. तिघे येऊन सेन्सर बदलून गेले होते. मिस्त्री स्टूल टाकून अर्धा तास नुसता बसला. मग बोट दाखवलं, "ते पाहा भाडेकरू." पाल होती. ऊब मिळते म्हणून सेन्सरवरच संसार मांडला होता. दुसऱ्या एका बाईंकडे कूलरची हवा थेट सेन्सरवर येत होती. त्या बाईंना लहरींवर चालणारा महागडा सेन्सर हवा होता. मिस्त्रीने नाही म्हटलं. "तो पडद्यापलीकडचंही पाहते, अन् कूलरचा पंखाही त्याले माणूस वाटते. हाच ठेवा, कूलर तेवढा सरकवा." स्वतःची विक्री अशी कोण सोडतो? असं काही पाहिलं की तुमचाही विश्वास बसला असता.

म्हणून वडिलांचं काम मी त्याच्याकडे दिलं.

बाबा अकोल्याला एकटे राहतात. कापसाच्या जिनिंगमध्ये विजेच्या मोटारी दुरुस्त करण्यात जन्म गेला. अमरावतीला या म्हटलं की म्हणतात, "तिथं मी काय करू, तुझे टॉवेल मोजू?" दोन वर्षांपूर्वी मागच्या अंगणात चक्कर येऊन पडले. दोन तास तसेच पडून होते, शेजारीण कपडे काढायला गच्चीवर आली म्हणून दिसले. डॉक्टरांनी एकट्याने बाहेर जायला मनाई केली. त्या दोन तासांचा विचार आला की अजूनही माझ्या हातातली वस्तू खाली ठेवावी लागते.

मी मिस्त्रीला म्हटलं, "पैशाचं बोलणार नाही. बाबा उठले, बसले, दाराकडे गेले, सगळं मला फोनवर कळलं पाहिजे."

"तुमी पैशाचं बोलून नाही राह्यले म्हणजे काम मोठं हाय," तो म्हणाला.

जुन्या घरात बटणांच्या बोर्डापर्यंत सेन्सरला लागणारी न्यूट्रलची तारच आलेली नव्हती. ती नवीन टाकायला दोन दिवस भिंती फोडाव्या लागल्या. बाबा दोन्ही दिवस खुर्ची टाकून त्याच्याजवळ बसले होते. मोटारीचं वाइंडिंग, जळका वास, कोणती तार किती गेजची, हेच चाललं होतं. जाताना बाबा मला म्हणाले, "याचा हात चांगला आहे." माझ्या कशाबद्दलही ते असं बोललेले मला आठवत नाहीत.

व्यवस्था नीट चालली. मागच्या दारी हालचाल झाली की माझ्या फोनवर निरोप यायचा आणि मी लगेच फोन लावायचो. "बाबा, कुठे निघाले?" "कुठं नाही," म्हणायचे आणि आत जायचे.

मे महिन्यात निरोप बंद पडले. मिस्त्री पाहून आला. "खराबी नाही भाऊ. हा अंगाची गरमी पाहते. मागची पडवी तापून अंगाइतकीच गरम झाली, तं याले माणूस अन् भिंत एकच दिसते. पारा उतरला की पाहीन." मी विचारून खात्री केली. बोलणं खरं होतं. अकोल्याच्या उन्हापुढे कोणाशी भांडणार?

पावसाळा गेला, दिवाळी गेली. मागचं दार गप्पच होतं. बाकीचे सेन्सर बोलत होते, म्हणून मी निर्धास्त. बाबांनी मागे जाणं सोडलं असेल, असं धरून चाललो.

डिसेंबरमध्ये एका कामासाठी अकोल्याला गेलो होतो. साडेचारला न कळवता घरी पोचलो. खुर्ची रिकामी. न्हाणीत नाहीत, अंगणात नाहीत. मागचं दार नुसतं लोटलेलं. फोनवर एकही निरोप नाही. मी अंगणातल्या विहिरीतही वाकून पाहिलं.

पाऊण तासाने मिस्त्रीची स्कूटर आली. मागे बाबा. कानाला मफलर, बोटं ग्रीसने काळी, आणि दोघं कशावर तरी हसत होते. मला पाहून आधी मिस्त्रीचं हसू थांबलं. बाबा न्हाणीत हात धुवायला गेले.

मी स्टूल ओढलं आणि मागच्या दाराच्या सेन्सरचं झाकण उघडलं. आतल्या बाजूने काळी चिकटपट्टी लावली होती. दाराकडची बाजू तेवढी झाकलेली, कडा पात्याने कापलेल्या. असं सफाईचं काम कोणाचं, हे दहा घरं पाहिलेल्या मला सांगायला नको होतं.

"कोणी लावली?"

"मीनं."

"उन्हाळ्यात काय सांगितलं होतं मला?"

"उन्हाळ्यात खरंच नव्हतं दिसत भाऊ. तवाच काकाले समजलं का बाहेर गेलं तरी तुमचा फोन येत नाही. आमच्या दुकानात येऊन बसाले लागले. मोटार बांधाले लागले. मंग पाऊस आला, सेन्सरले परत दिसाले लागलं. काका म्हणे, मिस्त्री, माहा उन्हाळा अजून काही दिवस राहू दे."

"अन् तू राहू दिला."

"रोज सव्वाचारले मागच्या दारातून मी नेतो, मीच आणून सोडतो. एकटं नाही सोडत."

इथे त्याने माणूस चुकीचा निवडला. हिशेब माझ्या रक्तात आहे. मी विचारलं, "दिवाळीनंतर चार दिवस तू अमरावतीला माझ्या साडूकडे काम करत होता. तेव्हा कोणी नेलं?"

न्हाणीतून बाबांचाच आवाज आला, "मीच गेलो. दोन पाय आहेत मले."

मोठा रस्ता ओलांडून. एकटे. आणि माझा फोन खिशात गप्प, कारण ज्याच्या शब्दावर मी झोपत होतो त्यानेच सेन्सरचे डोळे बांधले होते. मी मिस्त्रीला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो एवढंच म्हणाला, "चुकलं भाऊ. पण काकाचं तोंड पाहून नाही म्हणता नाही आलं."

मला हजारदा नाही म्हणणारा माणूस हा. सेन्सर खोडताना त्याला जमलं होतं.

पट्टी मी नखाने काढली. त्याच आठवड्यात दहाही घरी फोन करून सांगितलं, याला बोलावू नका. कारण कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोणी तरी हसलं असतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर कळलं की त्याने अकोल्याचं दुकान बंद केलं आणि खामगावला मुलीकडे गेला. मला वाईट वाटलं नाही. आजही तो समोर आला तर पहिल्यापासून भांडेन. फक्त त्याचं जाणं मी बाबांना सांगितलेलं नाही. ते विचारत नाहीत, मी काढत नाही.

सेन्सर आता अगदी नीट चालतो. रोज सव्वाचारला फोन वाजतो, मागच्या दारी हालचाल. मी आता फोन लावत नाही, वाट पाहतो. दुसरा निरोप वीस-पंचवीस मिनिटांनी येतो, बाबा आत वळतात तेव्हा. मधल्या वेळात काहीच येत नाही. न हलता उभा असलेला माणूस त्या सेन्सरला दिसत नाही.