मिस ओझेलांनी दिलेला नकाशा

निवडणुकीच्या हंगामात, रविवारची प्रार्थना आटोपली की ऑलिव्हेट चर्चची मंडळी तशीच मुदतपूर्व मतदानाला जात. आणि मिस ओझेला फॅनिन यांना विचारल्याशिवाय एकही गाडी हलत नसे. कोणाचे गुडघे धरले आहेत, कोणाला दोनदा आठवण करावी लागते, हे चाळीस वर्षे शाळेच्या स्वयंपाकघरात राबलेल्या या बाईंना तोंडपाठ होते. वस्ती कृष्णवर्णीयांची, गरीब, पण फुटलेली नव्हती. वॉशिंग्टनला जाणारा प्रतिनिधी त्यांच्या मतांवाचून निवडून येत नसे, म्हणून तो त्यांचे फोन उचलत असे.

त्या वर्षी राज्यातील सत्ताधाऱ्यांनी जनगणनेची वाट न पाहता मतदारसंघ नव्याने आखायला घेतले. जनसुनावणी ठरली. आपली वस्ती एक आहे, याचे पुरावे मागवले गेले.

"तोंडी बोललेलं हवेत जातं," मिस ओझेला म्हणाल्या. "आपण कागद देऊ."

तीन आठवडे खपून त्यांनी घराघराचा नकाशा केला. न चुकता मत देणाऱ्या घरावर हिरवा ठिपका, गाडी पाठवली तरच येणाऱ्यावर पिवळा.

चर्चचे डीकन लॅथन यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सिस्टर, हे सगळं त्यांच्या हातात द्यायचं?"

"मग काय उशीखाली ठेवू? आपण काय चोरी केलीय?"

"आपण नाही केली," ते पुटपुटले.

सुनावणीत आखणी समितीच्या अध्यक्षांनी नकाशा दोन्ही हातांनी घेतला. "इतकं नेटकं काम आमच्या माणसांनाही जमत नाही, मॅडम." मिस ओझेलांना बरे वाटले. सरळ मनाने दिलेली माहिती सरळ मनानेच वाचली जाते, असे त्या आयुष्यभर धरून चालल्या होत्या.

एप्रिलमध्ये आखणी जाहीर झाली. नवी हद्द ना नदीने जात होती, ना महामार्गाने. हिरव्या घरांचे तिने तीन तुकडे केले होते आणि प्रत्येक तुकडा दूरच्या, विरुद्ध मताच्या गावांना जोडून टाकला होता. ओढ्यापलीकडे मिस ओझेलांनी चुकून एक हिरवा ठिपका काढला होता. तिथे घर नव्हते, नुसती झाडी होती. हद्द त्या झाडीपर्यंत गेली होती आणि तिला वळसा घालून परतली होती.

रविवारी चर्चमध्ये उभे राहून त्यांनी सर्वांना सांगितले, "माझ्या हातानं झालं हे." कोणी त्यांना दोष दिला नाही. तेच त्यांना सोसवेना.

अखेरच्या सुनावणीला त्या रिकाम्या हाताने गेल्या. "माझा नकाशा परत द्या."

"तो आता सरकारी दप्तरात जमा आहे, मॅडम." अध्यक्षांचा स्वर आदराचाच होता. "पुढच्या महिन्यात विधिमंडळाच्या जागा आखायच्यात. ठिपक्यांत काही बदल? कोणी वारलं वगैरे?"

 अध्यक्षांशेजारच्या कारकुनाने मिस ओझेलांच्या उत्तराची क्षणभर वाट पाहिली आणि लिहून घेतले : बदल नाही.