मनकर्णाबाईंनी भरलेल्या नांग्या

फुलंब्रीच्या अलीकडं डांबरी सडक सोडली की मुरमाडाची एक उघडी टेकडी लागते. चौऱ्याऐंशी साली तिच्या उतारावर तारेचं कुंपण पडलं आणि आत कडुलिंबासाठी चारशे खड्डे खणले गेले. कुंपणाला लागूनच मनकर्णाबाईंचं रान होतं, म्हणून राखणदारीला त्यांनाच ठेवलं. शेजारची साळूबाई बांधावरून हसायची. "व्हय गं मनकर्णा, लिंबाला राखण? चोर नेऊन काय करल, दात घासल?"

काम संशोधनाचं आहे, एवढं मनकर्णाबाईंना कळलं होतं. औरंगाबादहून वैजनाथ नावाचे तरुण साहेब यायचे. शहरात वाढलेले, पण उन्हात टोपी न घालता हिंडणारे. त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं. चार निरनिराळ्या गावांहून लिंबोळ्या आणून रोपं केलीत, प्रत्येक गावची शंभर. चार पट्ट्यांत लावायची, एका गावचा एक पट्टा. या मुरमावर कोणत्या गावचं बी तगतं, ते बघायचं आणि मग तेच सगळ्या टेकडीवर लावायचं.

"मावशी, पाणी घालायचं नाही. खत घालायचं नाही. जनावर आत येऊ द्यायचं नाही. बस."

मनकर्णाबाईंनी हे बोटांवर मोजून पाठ केलं आणि अक्षरशः पाळलं. गावातल्या फकिराची शेळी एकदा तारेखालून आत शिरली, तर त्यांनी ती दिवसभर बांधून ठेवली आणि फकिराच्या बायकोशी सहा महिने बोलल्या नाहीत.

पहिल्या उन्हाळ्यातच रोपं वाळायला लागली. ज्येष्ठात तर काही खड्ड्यांत नुसत्या काड्या उभ्या होत्या. मनकर्णाबाईंना ते बघवेना. लग्न होऊन आल्यापासून सरकी लावली की आठ-दहा दिवसांनी ओळीतून फिरायचं, जिथं उगवलं नाही तिथं पुन्हा बी टोकायचं, नांग्या भरून घ्यायच्या, हे त्यांच्या हाताला लागलेलं होतं. मोकळी जागा दिसली की हात आपोआप खाली जायचा.

त्यांच्या दारात जुना लिंब होता. पावसाळ्यात त्याच्याखाली लिंबोळ्यांतून शेकड्यानं रोपं उगवायची. मनकर्णाबाईंनी झडीचा दिवस बघून खुरपं घेतलं, काड्या उपटल्या आणि त्या जागी दारातली रोपं लावली. पाण्याचा थेंब घातला नाही, खताची चिमूट टाकली नाही.

"सरकारी रान हाय, कशाला हात लावती?" नवरा पुंजाराम म्हणाला.

"राखायचं म्हनलेत ना? मग रान नांगं ठिवून राखू व्हय?"

पुढचे चार पावसाळे हेच चाललं. चौथा पट्टा त्यांच्या बांधाला खेटून होता. जाता-येता तिथली एकेक नांगी डोळ्याला टोचायची. पहिला पट्टा वर होता, चढताना गुडघे धरायचे, म्हणून तिकडं फारसं जाणं व्हायचं नाही.

वैजनाथ साहेब दरवर्षी दसऱ्यानंतर झाडं मोजायला येत. एकाच पट्ट्यात एक झाड डोक्याएवढं आणि शेजारचं कमरेएवढं कसं, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. त्यांनी मुरूम खोल कुठं, उथळ कुठं, ते बघायला खड्डे घेतले, माती पिशव्यांत भरून नेली. मनकर्णाबाई त्यांना ताक द्यायच्या आणि म्हणायच्या, "लेकरंबी एका उंचीची कुठं असत्यात?"

सहाव्या वर्षी साहेब पेढे घेऊनच आले. "मावशी, चार नंबर! शंभरातली सत्त्याण्णव झाडं उभी! पुढच्या पावसाळ्यात तुमच्या गावच्या सगळ्या टेकडीवर हेच बी. सरपंच म्हणालेत, अख्खं गाव श्रमदानाला येईल."

पेढा मनकर्णाबाईंच्या हातातच राहिला. चार नंबर? सगळ्यात जास्त काड्या तर त्यांनी तिथंच उपटल्या होत्या. अख्खं गाव टेकडीवर घाम गाळणार आणि पुढच्या ज्येष्ठात तिथं काड्या उभ्या राहणार. पण साहेबांच्या तोंडावर एवढा आनंद होता! बोलावं तर त्यांची सहा वर्षं जातात. न बोलावं तर टेकडी जाते. आणि आपण चुकलो तरी कुठं, हेही कळेना.

"सायेब, नांग्या भरल्या तर चालत्यात ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"कसल्या नांग्या?"

त्यांनी सगळं सांगितलं. साहेब ऐकता ऐकता खाली बसले. रागावले असते तर बरं, असं मनकर्णाबाईंना वाटलं; शिव्या खाल्ल्या की निदान चूक किती मोठी ते समजतं.

"मावशी, मेलेलं रोप तसंच ठेवायचं होतं. किती मेली, तेच तर मोजायचं होतं."

"मेलेलं मोजायला येवढं कुंपन?" मनकर्णाबाई चकित झाल्या. "मंग म्या शेळ्या कशापायी हाकलल्या? नीट मरावीत म्हनून?"

साहेबांना हसूही येईना, रडूही येईना. "चूक माझीच. मी सांगायला हवं होतं. गावागावाचे पट्टे न करता रोपं मिसळून लावायला हवी होती."

मग मनकर्णाबाईंनी चुना कालवला. एकेका झाडापाशी जाऊन, आपण लावलेलं असेल तर खोडावर बोट ओढायचं. चौथ्या पट्ट्यात सत्त्याण्णवातल्या चौसष्ट झाडांवर पांढरं बोट उमटलं. पहिल्या पट्ट्यात फक्त अकरांवर.

"म्हंजे आमच्या दारचाच लिंब भारी निघाला की!" त्यांचा चेहरा उजळला.

"तसंही म्हणता येत नाही. तुमची रोपं झडीत लावली, मागाहून लावली. मेली की पुन्हा लावली."

"मंग कंचं भारी?"

साहेबांनी वही काढली आणि ते पुढच्या झाडाकडं निघाले.

दुसऱ्या पट्ट्याच्या टोकाला एक डेरेदार झाड होतं. मनकर्णाबाई चुन्याचं बोट उगारून उभ्या राहिल्या. या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. "हे माझं का तुमचं, ध्यानातच येईना. काय लिवता?"

"माहीत नाही, असं लिहितो."

"असं लिवता येतं व्हय?"

"आजवर लिहिलं नव्हतं," साहेब म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात ठरलेलं श्रमदान झालंच नाही. "मनकर्णानं डोंगर उघडा ठिवला," असं गाव म्हणालं. कुंपण पुढं सरकवून नवे चारशे खड्डे झाले, या वेळी चारी गावची रोपं मिसळून. राखणीला साहेबांनी पुन्हा मनकर्णाबाईंनाच ठेवलं. का ठेवलं, ते पुंजारामलाही समजलं नाही आणि मनकर्णाबाईंनाही.

आता सकाळी निघताना त्या खुरपं दाराआड ठेवून जातात. वाळलेल्या काडीपाशी आल्या की दोन्ही हात पदरात गुंडाळतात, जरा वेळ तिथंच थांबतात आणि पुढं जातात. दारातल्या लिंबाखाली या वर्षीही दाट रोपं उगवलीत. त्यांचं काय करावं, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.