जुन्या रिमोटवरचं बोलणं

"चालू व्हतं ना? मंग बंद कशाला केलं?"

पदर कमरेला खोचायचा, मान जराशी तिरकी करायची आणि समोर साहेब असो की वायरमन, हा सवाल त्याच्या अंगावर टाकायचा, ही आमच्या शेजारच्या काकूंची रीत. अशी एक बाई तुमच्याही गल्लीत असेल. लोक तिला भांडकुदळ म्हणतात आणि स्वतःचं काम अडलं की तिलाच पुढं घालतात. आम्हीही तेच करायचो. शेंद्र्याला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसचा थांबा कोणीतरी उगाच लांब नेला, तेव्हा काकू जाऊन बसच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांचा त्या बसशी काडीचा संबंध नव्हता. थांबा परत जागेवर आला.

काकूंचे वडील फुलंब्रीकडच्या एका गावात पोलीस पाटील होते. त्यामुळं काहीही बिघडलं की आधी पंच गोळा करायचे, ही सवय त्यांना माहेराहून आलेली. दुधात पाणी लागलं, बोलवा पंच. दुरुस्त होऊन आलेल्या मिक्सरला पुन्हा जळका वास येतोय, बोलवा पंच. दाढीचा फेस तोंडाला तसाच ठेवून मी त्यांच्या स्वयंपाकघरात पंच म्हणून उभा राहिलेलो आहे. कागदावर काही लिहायचं नसे. सगळ्यांनी डोळ्यांनी बघायचं आणि काकूंनी विचारलं की 'बघितलं' म्हणायचं, एवढंच.

काका अगदी उलट. मुळात अबोल माणूस, त्यात लकवा मारला आणि वाचाच गेली. उजवी बाजू गेली, लिहिणं गेलं. डावा हात उरला, आणि त्यातही भरवशाचा म्हणावा तर फक्त अंगठा.

त्यांच्या टीव्हीला डिशच्या छत्रीचं जुनं खोकं होतं. त्या खोक्याला आवडीचे चॅनेल एकेका बटणावर बसवायची सोय होती. क्रांती चौकाजवळच्या एका मेकॅनिकनं ते बसवून दिले. एकवर जुनी गाणी, पाचवर स्वयंपाकाचा चॅनेल, नऊवर बातम्या. आजारी माणसाला सोपं पडावं, एवढाच हेतू. पण काका त्यातून बोलायला लागले. भूक लागली की पाच. राग आला की नऊ, तोही आवाज चढवून. आणि एक दाबून जुनी गाणी लावली, की काकूंनी हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसायचं.

हळूहळू ही भाषा गल्लीलाही पाठ झाली. सकाळी सकाळी बातम्यांतला माणूस ओरडायला लागला की माझी बायको म्हणायची, आज काकांच्या चहात साखर कमी पडलेली दिसते. काकू आतून टीव्हीलाच उत्तर द्यायच्या, आले आले म्हणून. आणि गाणी लागलेली असली की बायका काकूंना हाक न मारता पुढं निघून जायच्या. नवराबायकोचं काही चाललंय, एवढी समज गल्लीला होती.

मग डिशच्या कंपनीचे मेसेज यायला लागले. आपला बॉक्स जुना आहे, प्रसारण नव्या तंत्रात जात आहे, चित्र अधिक सुस्पष्ट दिसेल, अपग्रेड करून घ्या. काकू मोबाइल माझ्याकडं वाचायला द्यायच्या आणि आमाला स्पष्टच दिसतं म्हणून परत घ्यायच्या. मला अजून कळलेलं नाही, सुस्पष्ट चित्र मागायला गेलं कोण होतं?

एका सकाळी काकूंची हाक आली. आम्ही पंच जमलो. छत्री जागेवर, वायर शाबूत, खोक्यावरचा हिरवा दिवा पेटलेला, आणि पडदा काळा. काका नऊचं बटण दाबत होते. काही होत नव्हतं, तरी दाबत होते. मेकॅनिकला बोलावलं. त्यानं खोकं उघडलं, तपासलं, परत बंद केलं.

"अम्मा, डब्बा एकदम बरोबर है," तो म्हणाला. "उप्पर सेच सिग्नल बदल दिए. नया सिग्नल इसकू समझताच नै."

काकूंनी आमच्याकडं पाहिलं. आम्ही 'बघितलं' म्हणालो. धडधाकट वस्तू वरच्या वर मारून टाकायची आणि वर तिलाच जुनी झाली म्हणायचं. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर आपण त्याला पोलीस चौकीत नेलं असतं. कंपनीनं केलं म्हणून आपण नवीन खोकं बसवून घेतो. काकूंनीही बसवून घेतलं. कंपनीचा माणूस जाताना जुनं खोकं घेऊन गेला. रिमोट त्यानं मागितला नाही, म्हणून तो राहिला.

नवीन खोक्यात एका बटणावरची सोय काढून टाकलेली. प्रत्येक चॅनेलला तीन आकडे, आणि ते झटपट दाबायचे. काकांचा अंगठा पहिल्या आकड्यावरून दुसऱ्यापर्यंत पोचायच्या आत खोकं कंटाळून भलताच चॅनेल लावायचं. भूक लागलीय हे सांगायला जावं तर कार्टून. पहिल्यांदा ते बघून काकू हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी रिमोट पलंगावर ठेवून दिला.

काकूंनी कंपनीला फोन लावला. मराठीसाठी हे बटण, तक्रारीसाठी ते बटण, करता करता एक गोड आवाज मिळाला. त्या आवाजाला काकूंनी सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, नवीन चित्राची क्वालिटी आपल्याला आवडली का? माझं डोकं अशा वेळी फिरतं. शिवी दिली असती तर निदान भांडता आलं असतं.

शेवटी काकूंनी काकांनाच उचललं. रिक्षा सांगितली, एका बाजूनं त्या आणि दुसऱ्या बाजूनं मी, असं धरून त्यांना कंपनीच्या दुकानात नेलं. भिंतभर टीव्ही लावलेले, सगळ्यांवर तेच सुस्पष्ट चित्र. काकूंनी काकांना खुर्चीत बसवलं, नवीन रिमोट त्यांच्या हातात दिला आणि रांगेतल्या लोकांना म्हणाल्या, तुम्ही सगळे पंच. मग काकांकडं वळल्या.

"सांगा ह्या साहेबाला, भूक लागली म्हणून."

काकांचा अंगठा हलला. पहिला आकडा लागला. दुसरा शोधेपर्यंत समोरच्या टीव्हीवर क्रिकेट सुरू झालं. काकांनी पुन्हा दाबलं. कपाळावर घाम आला, पण माणूस थांबेना. सगळी रांग बघत होती. काउंटरवरचा साहेब तरुण होता, वाईट नव्हता. त्यानं कपाटातून दुसरा रिमोट काढला आणि उत्साहानं म्हणाला, "मॅडम, हे आमचं नवीन मॉडेल आहे. बटण दाबायचंच नाही. तोंडानं बोललं की चॅनेल लागतो."

काकूंनी तो रिमोट हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"अरे बाबा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यायला बोलता आलं असतं, तर मी तुझ्या दारात आले असते का?"

साहेबानं मान खाली घातली. वरून आलेलं आहे, माझ्या हातात काही नाही, म्हणाला. रांगेतला एक म्हातारा 'बघितलं' म्हणाला, आणि आम्ही काकांना उचलून रिक्षात बसवलं.

त्यानंतर काकू अंदाजानं बोलायला लागल्या. पाणी पाहिजे का? उशी सरकवू? ऊन लागतंय? लेकीला फोन लावू? दिवसभर त्यांच्या खिडकीतून नुसते प्रश्न ऐकू यायचे. बरोबर आलं की काका डोळे मिटायचे. पुष्कळदा बरोबर येत नसे, आणि मग काका भिंतीकडं तोंड करायचे. ज्यांच्या रागानं गल्ली जागी व्हायची, त्या माणसाला रागावण्याची सोय उरली नाही. कुठल्यातरी गारेगार ऑफिसात ज्यांनी हे ठरवलं, त्यांना हे कधी कळणारही नाही, आणि याचा मला जास्त संताप येतो.

हिवाळ्यात काका गेले. दिवसकार्य झाल्यावर काकूंनी घर आवरलं. आता त्या फुलंब्रीकडं भावाकडं राहतात. निघायच्या आदल्या दिवशी मी बसमधून उतरून येत होतो. त्या ओट्यावर एकट्याच बसलेल्या. त्यांनी मला जवळ बोलावलं. त्यांच्या मांडीवर तो जुना रिमोट होता.

शेवटच्या दिवशी मी त्यांचा हात हातात धरून बसले होते, काकू सांगायला लागल्या. तर त्यांचा अंगठा हलायला लागला. माझ्या तळव्यावर दाबायला लागले, एकाच जागी, कोपऱ्याला. पाणी विचारलं, उशी विचारली, लेकीचं नाव घेतलं. डोळे मिटेनात. नुसते दाबत राहिले.

मग काकूंनी आपला तळवा माझ्यापुढं केला आणि त्यावर रिमोट ठेवून दाखवला. आधी सरळ, मग वरचं टोक खाली फिरवून.

"माझ्याकडून धरलं तर तिथं एक येतो," काकू म्हणाल्या. "त्यायच्याकडून धरलं तर नऊ. भाऊ, जवळ बस म्हणत व्हते, का माझ्यावर चिडले व्हते?"