उपासाच्या जोंधळ्याची पावती

साताऱ्यातल्या एका वसतिगृहाचं दप्तर माझ्याकडं आलं तेव्हा लढाई संपली होती, रेशन संपलं नव्हतं. चळवळीची पत्रकं वाचून वाढलेला मी. दाण्यादाण्याचा जाब द्यायला निघालो होतो.

वसतिगृह चालायचं मुठीच्या धान्यावर. बाई दळायला बसली की पहिली मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची, दर शनिवारी आम्ही ते मापून न्यायचो. आधीचे कारकून नुसतं लिहीत, ‘उंब्रज, जोंधळा, एक पोतं’. दिलं कुणी याचा पत्ता नाही. मला ती गरिबांची फसवणूक वाटली. प्रत्येक देणगीला दात्याच्या नावाची पावती हवी, असा संस्थेचा नियमच होता. मी तो पाळू लागलो. शिवाय दात्यांची यादी चावडीच्या भिंतीवर डकवू लागलो.

उंब्रजला एका घरची धाकटी सून मडक्याबरोबर एक गाडगंही घेऊन आली. “ह्ये निराळं मापा. माझ्या सोमवारच्या उपासाचं हाय.”

मला भरून आलं. मी तिची स्वतंत्र पावती लिहायला घेतली, पण पूर्ण नावासाठी लागणारं नवऱ्याचं नाव ती घेईना. “उखाण्यात बी घेत न्हाई ती, तुमाला कुठली सांगतीया?” म्हणत शेजारणीनंच ते सांगितलं.

पुढच्या शनिवारी तिचे सासरे चावडीपाशी उभे होते.

“मास्तर, आमच्या वाटण्या कवा झाल्या?”

त्यांनी यादीवर बोट ठेवलं. एका घरची दोन नावं, त्यांचं आणि सुनेचं. चूल एक असताना धान्य दोन नावांनी गेलं, म्हणजे घर फुटलं, आणि फोडलं ते सुनेनं, असं गावानं धरलं होतं. थोरली जाऊ तिच्याशी बोलत नव्हती.

“ती पावती पुस्तकातनं काढून जाळून टाका.”

“पावती जाळता येणार नाही. तिनं दिलंय ते खरं आहे. यादी लावली ती माझी अक्कल.”

यादी लावा, असं नियमात कुठंच नव्हतं. मी ती उतरवली आणि चावडीवर बसलेल्यांना सांगितलं, घर एकच आहे, ते धान्य उपासाचं, चूक माझी.

“एवढा शिकला गडी,” एक म्हातारा म्हणाला, “पण चुली मोजाय न्हाई शिकला.”

सासरेही हसले.

त्या दिवशी त्यांच्या दाराशी गेलो, तर सुनेनं मडकंच तेवढं आणलं. मी सासऱ्यांच्या नावानं पावती केली. तिनं हळूच विचारलं, “आवं, माझी मागली जाळली का?”

“नाही. पुस्तकात स्थळप्रत आहे.”

“मग ऱ्हाऊ द्या,” म्हणाली आणि रिकामं मडकं घेऊन आत गेली.